आंदणातली एकशे दहा झाडं

बस भाऊ, त्या पोत्यावर बस. शेणखत आहे आत, पण वाळलेलं आहे, पॅन्टला काही होत नाही. तुझी चाळीस रोपं काढून देतो, पण आधी तुला एक गोष्ट ऐकावी लागेल. माझ्याकडून मोसंबी नेणाऱ्या प्रत्येकाला ऐकावी लागते, सुटका नाही. माझ्या पोरीच्या आंदणाची गोष्ट आहे. घडली तशीच सांगतो. मध्ये दोन-चार ठिकाणी तिखट-मीठ पडेल, तेवढं चालवून घे.

माझं नाव वना. शाळेत दोन इयत्ता काढल्या, तिसरीत मास्तरांनी हात जोडले. तेव्हापासून या एरंडोलच्या रोपवाटिकेत आहे आणि पस्तीस वर्षं डोळे भरतोय. डोळे भरणं म्हणजे काय ते तुला सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हे रोप बघ. जमिनीपासून एक वीत वर खोडाला वाकडी गाठ दिसते ना? गाठीच्या खाली आहे जंबेरी. जंबेरी म्हणजे रानटी लिंबू, खरबरीत सालीचं, तोंडात घातलं तर कानातून वारा निघेल इतकं आंबट. गाठीच्या वर आहे मोसंबी. आम्ही आधी जंबेरीचं बी लावतो. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीत चिरा देतो, मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा सालीच्या खपलीसकट काढून त्यात बसवतो आणि वरून पट्टी बांधतो. डोळ्याला कोंब फुटला की वरची जंबेरी छाटून टाकायची. मूळ एकाचं, डोकं दुसऱ्याचं. मोसंबी नुसत्या बियांची लावली तरी येते, पण किती वर्षं फळाची वाट बघशील? आणि आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचलं की तिचं मूळ कुजतं. जंबेरी त्या मानाने रासवट. आसामाकडच्या डोंगरातली जात, म्हणे. तिला कुठेही टाक.

हे 'म्हणे' मी कुठून आणलं? एकदा विद्यापीठाचे साहेब आले होते, गाडी बंद पडली म्हणून इथे दोन तास बसले. मी विचारलं, साहेब, ही मोसंबी आली कुठून? ते म्हणाले, वना, या सगळ्या लिंबूजातीची मूळ घराणी तीनच. महाळुंग, पपनस आणि संत्रं. बाकी जे काही आहे ते या तिघांनी एकमेकांत केलेला घोटाळा. चीनच्या अंगाला कधीतरी पपनस आणि संत्र्याचं जमलं, कुणी लावून दिलं नाही, भुंग्यांनी लावलं, आणि त्यांची लेकरं म्हणजे ही गोड नारंगी-मोसंबी. मोसंबी हे नाव आफ्रिकेच्या एका मुलखावरून पडलं, तिथून जहाजात बसून आली म्हणून. मी म्हटलं, साहेब, म्हणजे हिचं माहेर एकीकडे, नाव दुसरीकडचं आणि संसार एरंडोलला? साहेब इतके हसले की चहा सांडला.

असो. गोष्ट.

चौऱ्याऐंशी साली माझ्या मंजुळाचं लग्न ठरलं. मुलगा लोटन, पारोळ्याच्या पुढे धुळ्याकडे जाताना बोरीकाठचं गाव. घर खाऊन-पिऊन सुखी, विहिरीला पाणी. मुलाचा बाप झुलाल, म्हणजे माझा याही. आमच्याकडे व्याह्याला याही म्हणतात. आता आंदणात द्यायचं काय? भांडीकुंडी सगळेच देतात, आणि माझी ऐपत होती दोन पातेल्यांची. मी म्हटलं, याही, मी मोसंबीची एकशे दहा झाडं देतो, माझ्या हाताने डोळे भरलेली. झुलाल मांडी थोपटत म्हणाला, "पातेलाले पोचा पडी जाई. झाडं माना नातूबी खातीन." खूश झाला गडी. त्याने आयुष्यभर कपाशी आणि ज्वारी केलेली. मोसंबी फक्त धुळ्याच्या दवाखान्यात, आजाऱ्याच्या उशाशी बघितलेली.

मालकाने मला परवानगी दिली की दिवसाचं काम झाल्यावर तुझी रोपं बांध. माघ महिना. मी दिवसभर जंबेरीत बसून मालकाचे डोळे भरायचो आणि दिवस मावळताना माझे. डोळ्यांच्या काड्या काढायच्या त्या बांधावरच्या जुन्या मातृवृक्षावरून. झाड मोठं, वरच्या फांद्यांना शिडी लागते. एका संध्याकाळी शिडी कुणीतरी नेलेली. मी कंटाळलो होतो. खाली लोंबणारी एक फांदी होती, हाताला येणारी. तिच्या काड्या ओरबाडल्या, पानं खसाखसा काढली, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि दोन दिवसांत सगळी एकशे दहा बांधून मोकळा झालो.

आणि रात्री भाकरीचा घास मोडताना हात थांबला. ती फांदी इतकी खाली कशी? कलमाच्या झाडाला कधी कधी गाठीच्या खालून फुटवा येतो. तो जंबेरीचा असतो, मोसंबीचा नसतो. तोच वाढून फांदी झाली असेल तर? तर मी जंबेरीवर जंबेरी बांधली!

पान चोळून वास घेतला की कुठलं झाड ते मी डोळे मिटून सांगतो. पण माझे हात दिवसभर जंबेरीत बुडालेले. मी काहीही चोळलं असतं तरी जंबेरीचाच वास आला असता. सकाळी जाऊन बघावं म्हटलं, तर मालकाने रात्रीतून वाट मोकळी करायला नेमकी ती फांदी तोडून जाळायला दिलेली. विचारू कुणाला? रोपवाटिकेत उभा जन्म काढलेला माणूस 'मी कशाच्या काड्या काढल्या' म्हणून विचारत फिरला तर लोक काय म्हणतील?

गप्प बसलो. डोळे फुटले, रोपं वाढली, कोवळ्या पानांवरून मनाला पटवत राहिलो की मोसंबीच आहे. लग्नात मांडवातच, बँड वाजत असताना, झुलालच्या कानात ओरडून सांगितलं की गाठीच्या खालून काही फुटलं तर तोडत जा. त्याने मान डोलावली. त्याने बँडच्या तालावर डोलावली होती, हे मला चार वर्षांनी कळलं.

अठ्ठ्याऐंशीची दिवाळी आठ दिवसांवर. मंजुळा यायची म्हणून माझी बायको यशोदा अनारशाचं पीठ करून बसलेली. आणि पोस्टकार्ड आलं. जावयाचं अक्षर, पण बोलणं बापाचं. झाडाला फळं लागली आहेत. जाड सालीची, आंबट, बियांनी भरलेली. गावात हसं झालं. याहींनी स्वतः यावं आणि स्वतःच्या हातची फळं खावीत, मग मंजुळाला दिवाळीला पाठवायचं की नाही ते बघू. दिवाळी झाली की बैल जुंपून बाग उपटणार आहोत.

यशोदाने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "फळ खावा नाहीतर माती खावा, पोरले लई या."

एसटीत बसलो. एरंडोल ते पारोळा काही बोललो नाही, आणि मी न बोलता बसलोय हे माझ्या ओळखीच्या कंडक्टरने बघून विचारलं, "नाना, कोणी गेलं का?" मी म्हटलं, अजून नाही.

घरी पोचलो तर ओसरीवर झुलाल खाटेवर, शेजारचे सात-आठ जण भिंतीला टेकून. परातीत तीन फळं मांडलेली. पिवळी, ढोबळी, अंगावर फोड उठल्यासारखी साल. मला दुरूनच कळलं.

"या याही, बठा," झुलाल म्हणाला. "पानी मंग. आधी हाई खाई देखा."

मी चाकूने कापलं. बोटभर जाड साल. फोड तोंडात टाकली. भाऊ, मी आयुष्यात बरंच काही गिळलं आहे, पण ते फळ गिळताना चेहरा सरळ ठेवणं हे माझं सगळ्यात मोठं काम. डाव्या डोळ्यातून पाणी आलंच. अख्खं फळ खाल्लं. बिया मुठीत ठेवल्या.

"कसं लागनं?"

"आंबट शे."

"आंबट! चार वरीस पानी घालं त्या आंबटले!" झुलाल खाटेवरून उठला. "पातेलं दिधं अस्तं ते निदान वरण शिजतं!"

भिंतीचे लोक हसले. मंजुळा पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्याकडे बघितलं नाही. मागून माझी याहीण धुरपदाबाई म्हणाली, हळूच, पण मला ऐकू जाईल अशी, "तुन्हा बापनी आंदनमा काटा दिधात, माय." फळं धरल्यापासून पोरीने हे किती वेळा ऐकलं असेल ते तिच्या तांब्या ठेवण्यावरून कळलं. आवाज न करता ठेवला. ही पोर माहेरी तांब्या आपटायची.

मी म्हटलं, "याही, झाड दाखवा."

विहिरीला लागूनच पहिली ओळ. झाडं अशी जोरदार, माझ्या डोक्याच्या वर गेलेली, काटे सुईएवढे. फळांनी लगडलेली. पहिल्या झाडाचं पान चोळलं. जंबेरी. दुसऱ्याचं. जंबेरी. पाचवं, सातवं. ती खालची फांदी डोळ्यांसमोर उभी राहिली. माझ्या आळसाने पोरीचा संसार आंबवला. मागून सगळी वरात चालत होती, झुलाल बोलत होता, मला काही ऐकू येत नव्हतं.

बसलो खाली. दुसरं काय करणार? बसल्यावर सवयीने हात खोडाकडे गेला. डोळे भरणारा माणूस झाडाच्या बुडाशी बसला की गाठ चाचपतो, त्याला सांगावं लागत नाही. माती चढलेली होती, ती बोटांनी उकरली. गाठ लागली. आणि गाठीच्या वर एक वाळकं थोटूक. विळ्याने साफ कापलेलं, बोटाएवढं. हे जे डोक्यावर गेलेलं झाड होतं ते गाठीच्या खालून निघालेलं!

मी दुसऱ्याचं बूड उकरलं. तसंच. तिसऱ्याचं. तसंच.

"याही," मी म्हटलं, "ह्या झाडासनं डोकं कोनी कापं?"

"डोकं? कोन कापी?" झुलाल इकडेतिकडे बघायला लागला.

मग धुरपदाबाईने पदर सावरला. "मी कापं," ती म्हणाली. "वरनी काडी मरेल मायक दिसे, आनि खालतीन कसा जोरमा कोंब उना व्हता. म्हनं, जो जोरमा शे त्याले वाढू द्या." म्हणजे वरची काडी मेल्यासारखी दिसली म्हणून बाईने मोसंबीच कापली आणि खालची जंबेरी वाढवली.

"तू कापं?" झुलाल ओरडला. "तुले कोनी सांगं व्हतं?"

"माले कोनी सांगं नही, म्हनीसनच कापं!"

भिंतीवाले आता बांधावाले झाले होते, त्यांना दोन्हीकडून मजा. मी मात्र उठलो. "अक्का, कोणत्या कोणत्या झाडांचं कापलं?"

"हाईच एक वळ. धुणं धुवाले येस, तवय विहीरनं पानी मी घालस. मांगना झाडासकडे कोन देखस? ती माणसंसनी शेतस." विहिरीजवळची ही ओळ तेवढी तिची, मागची झाडं पुरुषमाणसांची, तिकडे कोणी बघत नाही, असं म्हणाली बाई. सगळ्यांसमोर.

मागच्या ओळी! मी जवळजवळ पळत गेलो. तिथली झाडं बुटकी, माझ्या छातीला लागणारी, तण कमरेएवढं. काही वाळून गेलेली. बाकीच्यांना पानांच्या आड हिरवी फळं, चार-सहा, नीट शोधली तर दिसतील अशी. पान तोडलं. मोसंबीच्या पानाच्या देठाला दोन बाजूंनी बारीक पंख असतो, जंबेरीला नसल्यासारखाच. मला पंख दिसला. पण घाबरलेल्या माणसाला हवं ते दिसतं, म्हणून डोळ्यांवर भरवसा नव्हता. पान चोळून नाकाशी धरलं. जंबेरी! अरे, पण मी आत्ताच सात जंबेऱ्या चोळून आलो होतो, एक अख्खी खाऊन आलो होतो. हात, मिशी, सगळं तेच घमघमत होतं. चार वर्षांपूर्वीची रात्र पुन्हा जशीच्या तशी.

मी हाक मारली, "मंजुळा! इकडे ये."

ती आली. "हात देखाड," मी म्हटलं.

तिचे हात स्वच्छ होते, राखेने भांडी घासून आलेली. "हाई पान चोळ आनि सांग."

ही पोर रोपवाटिकेत रांगलेली. तिने पान दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. मी तिच्या नाकपुड्यांकडे बघत होतो. देवाकडे कधी इतकं बघितलं नाही.

"नाना," ती म्हणाली, "मोसंबी शे."

"ती ते बापनीच बाजू लेई!" झुलाल म्हणाला. "मी मांगलंबी एक फोडं व्हतं. असंच, जाड सालनं."

"कवय फोडं?"

"आखाडमा."

आषाढात! मला हसू फुटलं. कच्चं फळ, तेही झाडाचं पहिलं. मोसंबीचं झाड पहिल्या बहाराला फळ असंच देतं, जाड सालीचं, ओबडधोबड. पुढच्या वर्षांत साल पातळ होते. मी एक फळ तोडलं, देठाजवळ किंचित पिवळसर झालेलं, कापलं, पण झुलालला दिलं नाही. पहिली फोड धुरपदाबाईला दिली.

बाईने संशयाने चाखली. मग दुसरी फोड स्वतःच उचलली. मग तिसरी. झुलाल बघत राहिला.

"काय व्हयनं? बोल ना!"

"गोड शे," ती म्हणाली, आणि उरलेलं अर्धं पदराखाली घेतलं.

मी तिथेच तणात बसकण मारली. हसत होतो की रडत होतो, मलाच कळेना. मंजुळाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जोरात दाबला, दुखेल इतका. ही माझी पोर होती, तांब्या आपटणारी.

मग झुलाल बायकोवर घसरायला लागला, तुझ्यामुळे याहीची बेअब्रू झाली वगैरे. मी मध्ये पडलो. म्हटलं, याही, चूक माझी आहे. सांगायचं ते मी तुम्हाला बँडमध्ये सांगितलं, आणि तुम्ही कधी या झाडांना पाणी घातलं? ही बाई चार वर्षं एका ओळीला विहिरीचं पाणी घालतेय. जिला माया लावली ती ओळ बघा कशी डोक्यावर गेली, आणि तुमच्या ओळी बघा. बांधावाले यावेळी झुलालकडे बघून हसले. त्यानेही शेवटी मान खाजवली आणि म्हणाला, "मंग या वळनं करानं काय? उपटू?"

"उपटू नका. ही जंबेरी अंगाने जबरदस्त आहे. माघात येतो, फांद्या छाटून तिच्यावरच मोसंबीचे डोळे भरतो. तुमच्या मागच्या झाडांना गाठतील ती दोन-तीन वर्षांत."

तिथेच धुरपदाबाईचा हात धरून तिला मोसंबीच्या झाडाची गाठ चाचपायला लावली. हे वर, हे खाली. खालचं फुटलं की तोडायचं, वरचं मरतुकडं दिसलं तरी ठेवायचं. तिने एकदाच चाचपलं. मग मला म्हणाली, "हाई इतलंच व्हतं? चार वरीस कोनी तोंड उघाडं नही?"

मंजुळा दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर निघाली. झुलाल फाट्यापर्यंत पोचवायला आला, डोक्यावर जंबेरीची टोपली, यशोदाच्या लोणच्यासाठी. एसटीत खिडकीशी पोर बसली. मला राहवेना. मी तिला त्या खालच्या फांदीचं सगळं सांगितलं. चार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, यशोदालाही नाही.

तिने ऐकलं आणि वेड्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "नाना, बांधवरनी ती फांदी? जी वाटवर लोंबे?"

"तीच."

"तिनी मोसंबी खाईसन मी मोठी व्हयनू. वरना फांदीसले हात कोना पुरे? आम्ही बठ्ठा पोरं तिलेच लटकूत."

"मंग तू मले सांगं काबर नही?"

"तुम्ही ईचारं काबर नही?"

पारोळा येईपर्यंत आम्ही दोघं हसत होतो. कंडक्टर तोच होता. म्हणाला, "नाना, गेलेला माणूस परत आला वाटतं!"

माघात मी जाऊन ती ओळ भरून दिली. सतरापैकी पंधरा लागली. आज मंजुळाची दोन पोरं त्या झाडांवर चढतात, आणि बाग धुरपदाबाईच्या हाताखाली आहे. झुलालला ती विचारल्याशिवाय झाडाला हात लावू देत नाही. बाईने यंदा मलाच झापलं, छाटणी उशिरा केली म्हणून.

तर भाऊ, तुझी चाळीस रोपं ही बघ, निवडून ठेवली, एकेका रोपाची गाठ बघून. मघाशी तू म्हणालास की तू जळगावला ऑफिसात असतोस आणि असोद्याच्या शेतात आई बघते. मग रोपं आज नेऊ नकोस. सावलीत ओली ठेवतो, मरत नाहीत. उद्या येताना तेवढं एक कर, आईला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन ये.